चार तकबीर

ते खोटं शहर आमच्याकडं भात काढून झाल्यावर उभं राहिलं. उर्से टोलनाक्याच्या अलीकडं एक कंपनी कित्येक वर्षं बंद पडून होती, तिच्या आवारात. प्लायवूडच्या भिंती, पीओपीचे सज्जे, आणि खरा म्हणावा असा फक्त राडारोडा. तो लोणावळ्यात पाडलेल्या जुन्या बंगल्यांचा होता. त्या ढिगाऱ्यांत गुलाबी बाथरूमच्या टाइल्स दिसायच्या, म्हणून दोन पोरी दिवसभर त्यांच्यावर धूळ फवारत फिरायच्या.

लोणावळ्यातल्या बंगल्यांची नळजोडणी आणि वॉटरप्रूफिंग हे माझं काम. या शहरात मला आणलं ते माझ्या मित्रानं. तो जवळच्या औंढे गावचा. शाळेला लोणावळ्यात यायचा आणि जोराच्या पावसात एसटी बंद पडली की आमच्याच घरी राहायचा. माझ्या आईला मावशी आणि अब्बांना चाचा म्हणायचा. एका रमजानमध्ये त्यानं हौसेनं रोजा धरला, दुपारी तीनला मोरीत जाऊन गुपचूप पाणी प्यायला, आणि संध्याकाळी सगळ्यांबरोबर मान खाली घालून खजूर खाल्ला. आईला कळलं होतं, पण तिनं कुणाला सांगितलं नाही. मी त्याच्या खाचरात लावणीला जायचो. पुढं तो मुंबईला गेला, पडेल ते करत राहिला, आणि आता मोठ्या मालिकेचा सहायक दिग्दर्शक होऊन परत आला होता.

"गड्या, तुझ्याशिवाय जमणार नाही," तो फोनवर म्हणाला. "लढाईत फुटलेलं शहर दाखवायचंय. गच्चीवरच्या टाक्या फुटल्या पाहिजेत, नळ वाहिले पाहिजेत."

मालिका मोबाइलवर बघायची होती, दहा भागांची. उत्तर इराकमधलं नदीकाठचं एक शहर अतिरेक्यांनी धर्माच्या नावानं ताब्यात घेतलेलं असतं आणि सरकारी फौज ते गल्ली गल्ली करत परत घेते, अशी गोष्ट. ही लढाई खरोखरच झालेली. महिनोन्महिने चालली होती. आपण सगळ्यांनी ती जेवताना टीव्हीवर पाहिली होती आणि विसरलोही होतो.

पहिले काही दिवस मजेत गेले. दाढीवाली पोरं अतिरेकी झाली, बिनदाढीची सैनिक. त्यामुळं अतिरेक्यांचा म्होरक्या कार्ल्याचा एक माळकरी झाला आणि मी, दाढी नसल्यामुळं, एका दिवसापुरता सरकारी फौजेत भरती झालो. गळ्यात रबरी बंदूक अडकवून सगळे एकाच टेबलावर वडापाव खायचे. स्फोटांचे आवाज सुरू झाले तेव्हा शेजारच्या वस्तीवरच्या एक मावशी थेट दिग्दर्शकापुढं येऊन उभ्या राहिल्या. "लय आवाज करताय तुमी. म्हशी पान्हावत न्हाईत." दिग्दर्शकाला शब्द कळला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून धारेच्या वेळी स्फोट बंद झाले.

त्या सेटवर एक माणूस कुणाशी फारसा बोलायचा नाही. तो त्या खऱ्या शहरातला होता. पुण्यात शिकायला आलेला, नंतर तिथंच छोटीमोठी कामं करत राहिलेला तिशीचा इराकी तरुण. कलाकारांना अरबी वाक्यं शिकवायला आणि घरं, कपडे, पाट्या तिथल्यासारख्या आहेत का ते बघायला त्याला ठेवला होता. माझं नाव कानावर पडल्यावर तो दुपारच्या जेवणाला माझ्याजवळ येऊन बसू लागला. त्याचं हिंदी पुण्यात शिकलेलं होतं, त्यामुळं मध्येच "अरे बापरे" म्हणायचा.

तो थोडं थोडं सांगायचा. लढाई सुरू झाली तेव्हा तो पुण्यात होता आणि घरचे सगळे नदीपलीकडच्या जुन्या भागात. फोन लागायचा तर दोन मिनिटं, नाहीतर आठवडाभर काही नाही. अतिरेक्यांनी घराघरांच्या सामाईक भिंती फोडून वाटा केल्या होत्या, म्हणजे रस्त्यावर न येता एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाता यावं. याच्या आईच्या स्वयंपाकघराला असंच भगदाड पाडलं होतं. भांडी घासत असताना बंदूकवाले आत यायचे, सलाम करायचे आणि दुसऱ्या भिंतीतून निघून जायचे. शेवटी शेवटी ते गच्चीवर राहायला लागले आणि घरच्यांना तळघरात कोंडलं. खाली घरातली माणसं असली की विमानं कमी बॉम्ब टाकतील, असा त्यांचा हिशोब. "पण विमानाला तळघर कुठं दिसतं?" तो म्हणाला.

"सरकारी फौज आल्यावर बरं वाटलं असेल," मी म्हटलं.

"वाटलं ना. आईनं त्यांना पाणी दिलं. आधीच्या आठवड्यात त्यांच्याच तोफेनं आत्या गेली होती, तरी दिलं."

आत्याची गोष्ट त्यानं एकदाच सांगितली. कब्रस्तान लढाईच्या पलीकडच्या बाजूला होतं. म्हणून गच्चीवरच्यांनी तळघरातून बाहेर सोडलं तेवढ्यात तिला अंगणातच पुरलं, तुतीच्या झाडाखाली. फावडं नव्हतं, त्याच्या वडिलांनी आणि शेजाऱ्यानं तव्यानं आणि पत्र्यानं माती उकरली. नमाजेला ते दोघंच होते. आणि अडचण अशी की 'अल्लाहू अकबर' मोठ्यानं म्हणता येईना. ते शब्द तोवर गच्चीवरच्या लोकांचे झाले होते. गोळी झाडायच्या आधी ते म्हणायचे, बॉम्ब फुटला की म्हणायचे. मशिदीचा भोंगाही त्यांच्याच हातात. समोरच्या गल्लीतले सैनिक तो आवाज ऐकला की त्या दिशेला गोळ्या घालायचे. घरातली माणसं नमाजसुद्धा ओठातल्या ओठात पढत होती. पण त्या दिवशी त्याचे वडील म्हणाले, बहिणीची माती मुक्यानं होणार नाही. आणि त्यांनी चारही तकबीर नीट आवाज काढून म्हटल्या.

आमच्याकडं जनाज्याच्या, म्हणजे मयताच्या, नमाजेत वाकणं नाही, जमिनीला कपाळ टेकून सजदा नाही. उभ्या उभ्या चार वेळा 'अल्लाहू अकबर' म्हणायचं, म्हणजे ईश्वर सर्वांत मोठा. बाकीचं सगळं मनात. त्या चार हाकांना तकबीर म्हणतात.

"मला एवढा एक प्रसंग हवाय यात," तो म्हणाला. "बाकी तुम्ही काहीही दाखवा."

ही गोष्ट मीच मित्राला सांगितली. ऐकून झाल्याबरोबर तो म्हणाला, "हे घ्यायचंच." त्यानं दिग्दर्शकाशी दोन दिवस भांडून प्रसंग मंजूर करून घेतला, हे खरं आहे आणि ते मला सांगायलाच हवं. पण ज्यांना बोलावलं त्या नटांना ते शब्द म्हणता येईनात. कुणी आरोळी ठोकायचा, कुणी गाणं म्हटल्यासारखं करायचा. मित्र माझ्याकडं आला.

"तूच म्हण. चाचांचा पोरगा तू."

आमच्या गावात मयतीची नमाज बहुतेक वेळा अब्बा पढवतात. ते काही मौलाना नाहीत, रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार होते. पण त्यांचा आवाज तसा आहे. लहानपणी त्यांनीच मला शिकवलं, की तकबीर मागच्या वळीला ऐकू जावी, पण मयताची झोप मोडू नये. मी मित्राला म्हटलं, अब्बांना विचारल्याशिवाय होणार नाही.

रविवारी मित्र आणि तो इराकी असे दोघं आमच्या घरी जेवायला आले. आईनं तांदळाच्या भाकरी आणि मटण केलं होतं. जेवण झाल्यावर मित्रानं विषय काढला. अब्बा ऐकत होते.

"नमाज हा काय खेळ हाय?" ते म्हणाले. "बाहुलीला कफन घालून तिची नमाज पढायची?"

मग त्या इराक्यानं आपल्या हिंदीत आत्याचं सांगितलं. तव्यानं माती उकरल्याचं तो सांगत असताना आई उठून आत गेली. अब्बांनी मला विचारलं, "ह्याच्या बापाच्या मागं उभं राहायला एकच माणूस हुता?"

"व्हय, एकच शेजारी."

अब्बांनी पुढ्यातलं पाण्याचं भांडं बाजूला सारलं. मग मला म्हणाले, "नियत बांधू नको, म्हंजी ती नमाज हुणार न्हाई. नुसते शब्द म्हण. ह्याच्या आत्यासाठी म्हण." आणि मित्राकडं वळले. "पर एक सांगतो. मातीचे शब्द हायेत, मातीतच ऱ्हायले पायजेत. दुसरीकडं न्हाई."

मित्रानं पुढं सरकून अब्बांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "चाचा, शब्द देतो. मी आहे ना तिथं."

दुपारच्या उन्हात चित्रीकरण झालं. एक लहानसं अंगण बनवलं होतं, तुतीचं म्हणून आमच्या मावळातलंच कुठलंतरी झाड आणून रोवलं होतं. मी पुढं उभा राहिलो, मागं एक म्हातारा नट. कानापर्यंत हात नेले आणि पहिली तकबीर म्हटली. आवाज काढायला काही अभिनय करावा लागला नाही. अशा वेळी मी नेहमी अब्बांच्या मागं दुसऱ्या वळीत असतो, आज पुढं होतो, एवढाच फरक. चौथ्या तकबीरीनंतर 'कट' म्हणायला कुणाला सुचलं नाही. वर लाइट धरलेल्या पोरानं डोक्यावरची टोपी काढली होती. तो इराकी भिंतीकडं तोंड करून उभा होता. मित्रानं मला मिठी मारली, त्याचे डोळे ओले होते. ते अश्रू खोटे होते असं मला आजही म्हणता येत नाही. म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

पावसाच्या आधी शहर मोडलं. प्लायवूड भंगारात गेलं, राडारोडा तिथंच राहिला. तो इराकी बहिणीकडं दुसऱ्या देशात निघून गेला.

पुढच्या वर्षी मालिका आली. शुक्रवारी नमाज करून आम्ही घरी जमलो, मी फोन टीव्हीला जोडला. अब्बा पहिल्यांदाच असलं काही बघायला बसले होते. आमच्या मातीचा प्रसंग येईल म्हणून आम्ही भागामागून भाग बघत राहिलो. माळकरी म्होरक्या छान दिसला. माझ्या टाक्या छान फुटल्या. प्रसंग काही येईना. आई म्हणाली, "पुढं आसल."

नवव्या भागाच्या शेवटी पडदा काळा झाला. आणि त्या काळ्यात माझा आवाज आला. पहिली तकबीर. त्यासरशी एक बाजार उडाला. परत काळोख, दुसरी तकबीर, आणि शाळेची भिंत कोसळली. माणसं पळत होती. तिसरी. चौथी. आवाजाला कसलातरी घुमारा दिला होता, विहिरीतून आल्यासारखा. मागून तबल्यासारखं काहीतरी वाजत होतं. चौथ्या स्फोटानंतर बॉम्ब ठेवणारा माणूस धुरातून चालत आला आणि हसला.

आईनंच आधी ओळखलं. "ह्यो तर तुझा आवाज!"

अब्बा म्हणाले, "परत लाव."

मी परत लावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"तुझाच हाय," ते म्हणाले आणि वुजू करायला, नमाजेआधीचे हातपाय धुवायला, उठून गेले. शेवटचा भाग आम्ही पाहिला नाही. मी नंतर एकट्यानं पाहिला. मातीचा प्रसंग त्यातही नव्हता.

पुढं जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. तो तुकडा लोकांना आवडला. पोरांनी तो रीलवर घेतला. कुकरची शिट्टी उडाली, मागं माझा आवाज. नवरा रिकाम्या हातानं घरी आला आणि बायकोनं वळून बघितलं, मागं माझा आवाज. तुंगार्लीच्या एका बंगल्यात मी गीझर दुरुस्त करत होतो, तेव्हा बाहेर शनिवार-रविवारचे पाहुणे तोच आवाज लावून स्विमिंग पूलमध्ये उड्या मारत होते. प्रत्येक तकबीरीला एक उडी आणि हसणं. मी पाना हातात धरून मोरीत उभा होतो. बाहेर जाऊन काय सांगणार? तो आवाज माझा आहे, हे सांगितल्याशिवाय काही बोलता येत नव्हतं, आणि ते सांगितल्यावर पुढचं काम मिळेल का, याची खात्री नव्हती.

मशिदीत मात्र ज्यांनी अब्बांच्या मागं नमाज पढली आहे त्यांना सांगावं लागलं नाही. एका म्हाताऱ्यानं अब्बांना पायरीवरच गाठलं. "पोरानं आसल्या कामाला आवाज कशाला द्यायचा?"

अब्बा म्हणाले, "माझ्या परवानगीनं दिला."

मी कंपनीला फोन केला. एक मुलगी फार अदबीनं बोलली. सर, रेकॉर्ड झालेला आवाज आता आमचा आहे, म्हणाली.

मित्र फोन उचलत नव्हता. नंतर कळलं, तो गावी आलाय. मी औंढ्याला त्याच्या घरी गेलो नाही, त्याच्या आईसमोर बोलायचं नव्हतं. कार्ल्याच्या फाट्यावर चहाला ये, असा निरोप धाडला. तो आला. मला बघून खरोखर खूश झाला, हे मला सगळ्यात विचित्र वाटलं.

"बघितलीस ना? नववा भाग? लोक वेडे झालेत."

"मातीचा प्रसंग कुठं गेला?"

"अरे, एडिटिंगला तो लांबत होता. गोष्ट थांबत होती. दिग्दर्शकानं पूर्णच कापला." त्यानं चहाचा घोट घेतला. "पण तुझा आवाज मला टाकवेना. मीच म्हटलं, हा आवाज वाया जाऊ द्यायचा नाही. नवव्या भागात टाकायचं मीच सुचवलं."

मी येताना मनाशी धरून आलो होतो की तो म्हणेल, माझ्या हातात नव्हतं. त्यावर काय बोलायचं तेही ठरवलं होतं.

"तूच?"

"सगळे विचारतात, आवाज कुणाचा? मी तुझं नाव कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्यासाठीच."

"तू अब्बांना शब्द दिला होतास."

तो हसला. उपरोधानं नाही, सहज. आपल्या माणसाशी बोलताना हसतात तसा. "चाचा कुठं बघणार होते रे ते? चाचा मोबाइलवर मालिका बघतात?"

ठेल्यावरच्या बाईंनी कांदाभजी आणून ठेवली. बसगाड्या थांबत होत्या, माणसं उतरत होती. मी त्याच्याकडं बघत राहिलो. मोरीत चोरून पाणी प्यायलेला पोरगा मला त्याच्यात शोधूनही दिसेना, किंवा कदाचित तोच फार स्पष्ट दिसत होता.

"त्याची आत्या होती ती," मी म्हटलं. "ते लोक घाबरून ते शब्द ओठात म्हणत होते. का, ते तुला माहीत होतं. तू माझ्या शेजारी बसून ऐकलंस."

"माहीत होतं म्हणूनच तर इतका परिणाम झाला," तो म्हणाला. आणि मग माझा चेहरा बघून, "तू फार मनाला लावून घेतोस."

मी उठलो. त्यानं हाक मारली, मी मागं वळलो नाही. घरी पोचेपर्यंत मला रागच आला नव्हता. जेवताना आला, पहिल्या घासाला, आणि तो गिळवेना.

इराक्याला मी स्वतःहून सांगणार नव्हतो. त्याचाच फोन आला. तिकडं मालिका अजून दिसत नव्हती. त्याची आई वाट बघत होती. तिला त्यानं सांगून ठेवलं होतं, की हिंदुस्थानातल्या एका माणसानं आपल्या घरच्या आत्यासाठी तकबीर म्हटली आहे.

मी सगळं सांगितलं. मध्ये त्यानं एकदाही अडवलं नाही. शेवटी त्यानं विचारलं, "किती स्फोट?"

"चार."

मग तो म्हणाला, "आईला मी सांगेन की प्रसंग कापला. तेवढं खरंच आहे." माझ्या आईची तब्येत विचारली, भाकरीची आठवण काढली, आणि फोन ठेवला. त्यानं मला दोष दिला नाही. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. मी दोनदा केला.

मागच्या थंडीत मित्राचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला त्याचे आईवडील स्वतः आले. त्याच्या आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती आमच्या आईला म्हणाली, "त्यो तुमचाच पोरगा. तुमी आल्याशिवाय अक्षता पडायच्या न्हाईत." आईनं पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, तिला चहा दिला, नव्या सुनेची कौतुकानं चौकशी केली. ती माउली गेल्यावर आई कितीतरी वेळ ओट्यापाशी पाठमोरी उभी होती.

अब्बा म्हणाले, "त्या दोघांनी आपलं काय वाईट केलंय? आमी जाणार." मला त्यांनी ये म्हटलं नाही, येऊ नको असंही म्हटलं नाही.

लग्नाच्या दिवशी मी खंडाळ्याच्या एका गच्चीवर वॉटरप्रूफिंग करत होतो. संध्याकाळी घरी आलो तर अब्बा नुकतेच परतले होते, पायातल्या चपला काढत होते. लग्न चांगलं झालं म्हणाले. इंद्रायणीचा भात होता. त्याच्या आईनं दोनदा विचारलं, तुमचा पोरगा कुटं हाय.

"तो भेटला का?" मी विचारलं.

"भेटला," अब्बा म्हणाले.

चपला कोपऱ्यात लावून ते वुजू करायला मोरीकडं गेले. आईनं दिवा लावला.